दोन साडू आणि शेपटीतलं इंजिन

थोरल्यांना विमानाच्या शेपटीतल्या छोट्या इंजिनाबद्दल जेवढी आपुलकी होती तेवढी सासरच्या एकाही माणसाबद्दल नव्हती. इंजिनाने त्यांचं कधी काही वाकडं केलं नव्हतं, हे त्याचं एक कारण.

ह्या इंजिनाला सगळे एपीयू म्हणतात. ते विमान उडवत नाही. पंखांखालची दोन धिप्पाड इंजिनं झोपलेली असतात तेव्हा हे मागे बसून वीज पुरवतं, गार हवा पुरवतं, आणि धिप्पाडांना उठवायची वेळ झाली की त्यांच्या अंगात हवा फुंकून त्यांना उठवतं. ती एकदा उठली की ह्याला बंद करतात. मग विमान उडतं, आणि उडण्याचं कौतुक कोणाचं होतं ते सांगायला नको. शेपटीच्या टोकाला ते भोक कसलं, असं प्रवाशांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, पाणी निथळायला ठेवलं असेल.

थोरले सहवैमानिक होते. बरीच वर्षं होते. इतकी, की कॉकपिटमधल्या उजव्या खुर्चीला त्यांच्या बैठकीचा आकार आला आहे असं विमान झाडणाऱ्या बायकासुद्धा म्हणत. कॅप्टनची डावी खुर्ची तिथून हातभर अंतरावर. ते हातभर अंतर ओलांडायचा थोरल्यांनी दोनदा प्रयत्न केला होता, आणि दोन्ही वेळा निवड मंडळाने "अजून थोडं" असं म्हणून परत धाडलं होतं. अजून थोडं काय, ते मंडळाने सांगितलं नाही.

धाकटे म्हणजे त्यांचे साडू, मेहुणीचा नवरा. ह्या कंपनीत धाकट्यांसाठी शब्द टाकला तो थोरल्यांनीच, कारण बायकोने तसं सांगितलं होतं आणि तेव्हा धाकटे बिचारे वाटत होते. बिचारे मागून आले, शेजारून गेले आणि पुढे निघाले. आता त्यांच्या बाहीवर कॅप्टनची चौथी पट्टी होती. अजून कच्ची होती, शेवटची परीक्षा बाकी होती. पण सासरी तिचं कौतुक पक्कं होऊन बसलं होतं.

ह्यात सगळ्यांत झोंबणारी गोष्ट वेगळीच होती. एकदा सासरी सगळे जेवायला बसलेले असताना थोरले म्हणाले होते, "विमान मोठ्या इंजिनांवर उडतं हे खरं, पण त्याचा दिवस उजाडतो तो शेपटीतल्या छोट्या इंजिनावर. कॅप्टनने हे विसरता कामा नये." वाक्य चांगलं जमलं होतं. टेबलावर कोणी मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला वाढू का अजून?" फक्त धाकटे हसले आणि म्हणाले, "वा, दादा!" पुढच्या महिन्यात त्यांनी ते वाक्य मंडळासमोर जसंच्या तसं टाकलं. मंडळ इतकं खूश झालं की अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं म्हणे. ही बातमी थोरल्यांना धाकट्यांनीच दिली, तीही आनंदाने, "दादा, तुमचं वाक्य काय चाललंय माहितीये?" असं विचारून. माणूस चोर असता तर बरं झालं असतं. चोराला निदान शिव्या देता येतात.

आणि मग कंपनीच्या संगणकाने, ज्याला साडू हे नातं कळत नाही, धाकट्यांच्या शेवटच्या परीक्षेच्या उड्डाणावर उजव्या खुर्चीत थोरल्यांचं नाव घातलं.

परीक्षक म्हणून मागच्या घडीच्या खुर्चीवर बसणार होते ते मंडळाचे अध्यक्षच. वाळकुडे, हळू बोलणारे, तोंडात सदैव खोकल्याची गोळी. थोरल्यांचं नाव तिसऱ्यांदा मंडळापुढे जायचं होतं, आणि ते जाऊ द्यायचं की नाही हे ह्याच गृहस्थांच्या हाती होतं. आदल्या आठवड्यात जिन्यात भेटले तेव्हा ते थोरल्यांना म्हणाले होते, "ह्या वेळी तुमचंही जमून जाईल असं दिसतंय. त्या दिवशी बघूच." म्हणजे परीक्षा धाकट्यांची, पण नजर दोघांवर. थोरल्यांनी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "छान. आणि धाकट्यांना सांभाळून घ्या हं, त्यांचा मोठा दिवस आहे."

त्यात सासूबाईंनी त्याच विमानाचं तिकीट काढलं.

"धाकट्याच्या विमानात बसायचंय एकदा," त्या म्हणाल्या.

"माझ्याही विमानात बसला असतात की, आई, इतक्या वर्षांत," थोरले म्हणाले.

"तुमच्या विमानात कॅप्टन दुसराच असतो ना हो? मग ते तुमचं कसं?"

सासूबाई थोरल्यांना अहो-जाहो करत आणि धाकट्यांना अरे-तुरे. बघणाऱ्याला वाटे, मोठ्या जावयाचा केवढा मान. त्या 'अहो'मध्ये किती अंतर मावतं ते थोरल्यांना विचारावं.

सकाळी दोघे कॉकपिटमध्ये शिरले तेव्हा विमान मेल्यासारखं पडलं होतं. पडदे काळे, पंखे बंद, आत कोंदट उकाडा. जमिनीवरून वीज देणारी गाडी त्या जागी नव्हती.

"दादा, एपीयू घेताय ना?" धाकट्यांनी डाव्या खुर्चीत बसता बसता विचारलं. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, वर घेतली. नव्या चपलेत पाय घालावा तसा माणूस खुर्चीत बसत होता.

"घेतो, कॅप्टन," थोरले म्हणाले. परीक्षक मागे बसलेले असल्यामुळे असं म्हणणं भाग होतं. शब्द घशात माशाच्या काट्यासारखा आडवा झाला, पण बाहेर आला.

एपीयू सुरू करणं हे काही घाईचं काम नाही, आणि थोरले ते करताना कधी घाई करत नसत. बॅटऱ्या चालू. आगीची चाचणी: घंटा वाजते का, लाल दिवा लागतो का, हे आधी बघायचं, कारण ज्या इंजिनाला आग लागली तर आपल्याला कळणार नाही ते सुरू करायचं नसतं. मग मुख्य स्विच. तिकडे लांब शेपटीत हवा घेण्याची झडप उघडते. तिला तिचा वेळ द्यायचा. मग सुरू करायचं बटण. आधी काहीच होत नाही. मग विमानाच्या पाठीच्या कण्यातून आल्यासारखी एक गुरगुर येते, छोट्या पडद्यावर आकडे चढत जातात, आणि शेवटी बटणात हिरवा दिवा लागतो. त्यावर इंग्रजीत एकच शब्द असतो: 'उपलब्ध'. त्या दिव्याआधी त्याच्याकडे काही मागायचं नाही. दिवा लागला की मग वीज मागा, हवा मागा.

हिरवा दिवा लागला. पडदे उजळले, पंखे घुमायला लागले, जाळीतून गार झुळूक आली. दर सकाळी हे बघताना थोरल्यांना बरं वाटे. जगात निदान एक जण असा होता की ज्याला त्यांनी हाक मारल्यावर तो ओ देई.

"सुरेख," मागून परीक्षक म्हणाले. थोरले खुशीत मागे वळले. परीक्षक धाकट्यांनी तयार केलेला मार्गाचा कागद बघत होते.

निघण्यापूर्वी धाकट्यांनी प्रवाशांना नमस्कार सांगितला. आवाज छान लागला होता, तेही एक दुःख. "माझ्याबरोबर आज आमचे अतिशय अनुभवी सहवैमानिक आहेत," ते म्हणाले. ज्यांना दुसरं काही देता येत नाही त्यांना अनुभवी म्हणतात, हे थोरल्यांना अनुभवाने माहीत होतं. इतक्यात बायकोचा निरोप आला: "आई नीट बसली का? पहिल्या रांगेत आहे. धाकट्यांना माझ्याकडून शुभेच्छा." थोरल्यांनी फोन बंद केला. नियमच आहे तसा.

उड्डाण उत्तम झालं. थोरले वाट बघत होते की कुठेतरी काहीतरी राहील, एखादा शब्द चुकेल, एखादा आकडा उलटा वाचला जाईल. काही राहिलं नाही. ढग होते ते बाजूला थांबले. वाऱ्यानेसुद्धा धाकट्यांची बाजू घेतली. उतरण्याच्या आधी धाकट्यांनी पुढचं सगळं नीट सांगितलं, एपीयूसकट.

एपीयू इंधन पितं, म्हणून कंपनीने हल्ली बचतीची मोहीम काढली होती. वैमानिकांच्या खोलीत एका हसऱ्या हिरव्या पानाचं चित्र लावलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं की मुक्कामाच्या जागी जमिनीवरची वीज मिळत असेल तर एपीयू लावू नये. लावायचंच असेल तर कॅप्टनने सांगावं. पूर्वी जमिनीवर चाक टेकलं की सहवैमानिक आपण होऊन ते लावायचा. थोरल्यांची ती एवढी एक सत्ता होती, ती पानाने काढून घेतली.

"गेटवर विजेची गाडी उभी आहे असं कळवलंय त्यांनी," धाकटे म्हणाले. "तेव्हा एपीयू नको. केबल लागून वर हिरवा दिवा आला की मगच इंजिनं बंद करायची. दादा, लक्ष ठेवा."

"ठेवतो," थोरले म्हणाले. आणि हे मात्र त्यांनी केलं.

विमान अलगद टेकलं. किती अलगद, ते आता पुन्हा पुन्हा ऐकायला लागणार हे थोरल्यांना त्याच क्षणी कळलं. गेटवर येऊन थांबलं, धाकट्यांनी ब्रेक ओढला. खाली एक कामगार चाकांना ठोकळे लावायला वाकला. दुसरा विजेच्या गाडीजवळ केबलचं जाड वेटोळं सोडवत होता आणि ते वेटोळं त्याला दाद देत नव्हतं.

तेवढ्यात केबिनमधून फोनची घंटी वाजली. थोरल्यांनी घेतला. मुख्य हवाई सुंदरी घाईघाईने बोलत होती. "कॅप्टनना सांगाल का? त्यांच्या सासूबाई उठून उभ्या राहिल्यात. खुर्चीच्या पट्ट्याची खूण विझायच्या आधीच. मी बसा म्हटलं तर म्हणतात, मी कॅप्टनची सासू आहे."

त्यांच्या सासूबाई. जशी काही थोरल्यांची बायको झाडावरून पडली होती.

"अरे," थोरले धाकट्यांना म्हणाले, "आई उभ्या राहिल्यात. बसत नाहीत."

"अरे देवा!" धाकट्यांनी एकदा मागे परीक्षकांकडे बघितलं, एकदा पुढे खाली. खालच्या पहिल्या कामगाराने दोन्ही मुठी एकमेकींना लावून खूण केली. ती ठोकळ्यांची खूण होती, विजेची नव्हती. धाकट्यांचा हात इंजिनांच्या स्विचांकडे गेला. ह्यात तर्क होता. इंजिनं बंद झाली की पट्ट्याची खूण विझवता येते, आणि ती विझली की सासूबाईंचं उभं राहणं कायदेशीर ठरतं.

थोरल्यांनी डोक्यावरच्या पॅनेलकडे बघितलं. तिथे हिरवा दिवा लागायच्या दोन जागा होत्या, एक जमिनीवरच्या विजेची आणि एक एपीयूची. दोन्ही काळ्या. केबल अजून त्या माणसाच्या हातात होती. ह्या क्षणी इंजिनं बंद केली तर विमानाला कुठूनच वीज मिळणार नव्हती. धोका कसलाच नाही. पण सबंध विमान प्रवाशांसकट गपगार होतं, आणि ज्या कॅप्टनच्या हातून असं होतं त्याची गोष्ट वैमानिकांच्या खोलीत तो निवृत्त होईपर्यंत सांगितली जाते. परीक्षेच्या दिवशी झालं तर निवृत्त झाल्यावरही.

"थांब" एवढाच शब्द म्हणायचा होता. बोलायच्या जागी गप्प बसल्याचे प्रसंग थोरल्यांच्या आयुष्यात फार नव्हते. उलटे भरपूर होते. आताही तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर येऊन उभा होता. आणि थोरल्यांच्या पोटात, जिथे गेली काही वर्षं सारखं दुखत होतं, तिथे अचानक इतकं गार आणि छान वाटलं की ते तोंड तसंच उघडं राहिलं.

धाकट्यांनी दोन्ही स्विच खाली केले.

अंधार पडला नाही, भर दुपार होती. पण विमान मेलं. पडदे काळे झाले, एखाददुसरा तेवढा बॅटरीवर तग धरून राहिला. पंखे थांबले, आणि ते इतका वेळ चालू होते हे सगळ्यांना तेव्हा कळलं. मागून एक लहान मूल रडायला लागलं. बंद दारातूनही पहिल्या रांगेतला खणखणीत आवाज आत आला, "अगं बाई, हे काय? लाइट गेले वाटतं!"

परीक्षकांच्या तोंडातली गोळी दातावर आपटल्याचा आवाज झाला.

"एपीयू," धाकटे म्हणाले.

"घेतो, कॅप्टन," थोरले म्हणाले. ह्या वेळी तो शब्द तुपातून निघाल्यासारखा निघाला. आगीची चाचणी, मुख्य स्विच, झडप, बटण. बोटं कशी फुलासारखी चालत होती. पण झडपेला तिचा वेळ द्यावाच लागतो, आणि इंजिनाला त्याचा. आकडे चढत होते तसतसा आतला उकाडाही चढत होता. धाकट्यांच्या मानेवरून घाम ओघळून नव्या कॉलरमध्ये शिरत होता, आणि थोरले तो बघत होते. इतकं स्वच्छ सुख त्यांना लग्नाच्या दिवशीही मिळालं नव्हतं.

शेवटी हिरवा दिवा लागला. त्याच क्षणी खालच्या माणसाने केबल लावली आणि वर बघून अंगठा दाखवला. आता दोन्हीकडून वीज उपलब्ध होती. दारं उघडली, माणसं उतरली.

परीक्षेनंतरची चौकशी कंपनीच्या एका छोट्या खोलीत होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार, भिंतीवर ते हसरं पान. परीक्षकांनी नवीन गोळी सोलली.

"काय झालं?"

"माझी चूक, सर," धाकटे म्हणाले. "वर बघितलंच नाही. ठोकळ्यांची खूण मी विजेची समजलो. घाई केली."

"घाई कशाची?"

"सासूबाईंची, सर."

परीक्षकांना हे कारण पटलेलं दिसलं; बहुधा त्यांनाही सासू असावी. त्यांनी मान हलवली आणि ते थोरल्यांकडे वळले.

"तुम्ही बघितलं होतं का वर?"

थोरल्यांनी ह्या खोलीची कल्पना केली होती, पण तीत प्रश्न धाकट्यांनाच विचारले जात होते. आता लक्षात आलं की ह्या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत. नाही बघितलं, असं म्हणावं तर लक्ष ठेवायला बसवलेला माणूस लक्ष ठेवत नव्हता. बघितलं, असं म्हणावं तर मग पुढचा प्रश्न येणार, आणि त्याला एकच उत्तर होतं. डावी खुर्ची, जी आजच्या दिवसात हातभरावरून वीतभरावर आली होती, ती भिंतीतून आरपार लांब जाताना त्यांना दिसली.

"म्हणजे तसं बघायला गेलं तर..." ते म्हणाले.

"सर, त्यांनी तोंड उघडलं होतं," धाकटे मध्येच बोलले. "मी बघितलं. मीच वेळ दिला नाही."

हे अक्षरशः खरं होतं. तोंड उघडलेलं होतंच.

"तोंड उघडलं होतं," परीक्षक हळूच म्हणाले, आणि त्यांनी थोरल्यांच्या तोंडाकडे असं बघितलं की थोरल्यांनी ते मिटलं. मग त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"हे आपल्या सगळ्यांकडून एकदा होतं," परीक्षक म्हणाले. "माझ्याकडून झालंय. आत एक मंत्री बसला होता." ते धाकट्यांकडे वळले. "उड्डाण चांगलं होतं. चूक पटकन सावरलीत, आणि कोणावर ढकलली नाहीत. तुम्ही पास आहात. पण पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल?"

"विचारून बंद करीन, सर," धाकटे म्हणाले. "स्विचवर हात ठेवून आधी दादांना, म्हणजे सहवैमानिकांना विचारीन, बंद करू का. ते वर बघतील आणि स्पष्ट हो म्हणतील, तेव्हाच. ते बोलल्याशिवाय नाही."

"ते बोलल्याशिवाय नाही," परीक्षकांनी पुन्हा म्हटलं, आणि हे त्यांना फार आवडलेलं दिसलं. "उत्तम. हे सगळीकडेच लागू करायला हवं."

धाकटे बाहेर गेले. थोरले उठायला लागले तसे परीक्षक म्हणाले, "तुम्ही बसा जरा."

थोरले बसले.

"मी तुमचं नाव ह्या वेळी पुढे पाठवणार होतो."

होतो. थोरल्यांना क्रियापदाचा काळ ऐकू आला.

"पाठवीनही. अजून थोडं." ते उठले, त्यांनी गोळीचा कागद टोपलीत टाकला. "तोवर जमेल तेवढं ह्यांच्याबरोबर उडा. मी सांगून ठेवतो. ह्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे." दारात ते थांबले. "आणि जिभेवर आलेलं बोलत जा हो. तोंड उघडण्याचे कष्ट घेतलेतच, तर."

बाहेर सासूबाई सामानाच्या ढकलगाडीला धरून उभ्या होत्या. धाकटे त्यांच्या पाया पडायला वाकल्यासारखे दिसले, पण ते पिशवी उचलायला वाकलेले निघाले.

"लाइट गेले ना," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हाच मी त्या मुलीला म्हटलं, हे थोरल्यांनी काहीतरी केलेलं असणार."

"आई, नाही हो," धाकटे म्हणाले. "माझी चूक होती. खरंच."

"तू गप्प बस. तू त्यांना नेहमी पाठीशी घालतोस."

थोरल्यांनी धाकट्यांकडे बघितलं. धाकट्यांनी नजर पिशवीकडे वळवली. त्या एका क्षणात थोरल्यांना कळलं की ह्या माणसाने त्यांचं उघडं तोंड नीट बघितलं होतं, आत शब्द होता तेही बघितलं होतं, आणि हे तो कुणाला कधीही सांगणार नव्हता. सबंध विमानात नेमकं काय घडलं हे थोरल्यांखेरीज दोघांनाच ठाऊक होतं. एक धाकटे आणि दुसऱ्या सासूबाई, ज्यांना ते उगाचच ठाऊक होतं.

रात्री बायकोचा फोन आला. "त्यांनी स्वतःहून चूक कबूल केली म्हणे! केवढं मोठं मन आहे ना?"

"हो."

"पण काय हो, तुम्ही तर शेजारीच होतात. तुम्ही नाही का सांगितलंत?"

"अगं, वेळच मिळाला नाही," थोरले म्हणाले.

नवा नियम पुढच्या महिन्यात सगळ्या विमानांना लागू झाला. इंजिनं बंद करण्यापूर्वी कॅप्टनने विचारायचं, सहवैमानिकाने वर बघून तोंडाने उत्तर द्यायचं. नियमाला अर्थातच कोणाचं नाव नव्हतं, पण वैमानिक त्याला 'धाकट्याचा प्रश्न' म्हणायला लागले, आणि कौतुकाने म्हणायला लागले. हसऱ्या पानाशेजारी त्याचंही चित्र लागलं. एक हात स्विचवर, आणि शेजारी एक माणूस वर बघतोय, तोंड उघडं. चित्रकाराने तोंड थोडं जास्तच उघडं काढलं होतं.

थोरले आता कोणाच्याही बरोबर उडाले तरी दर गेटवर त्यांना तो प्रश्न येतो. कधी विशीतले पोरसवदा कॅप्टन विचारतात, कधी निवृत्तीला आलेले. ते वर बघतात आणि उत्तर देतात. परीक्षकांच्या कृपेने बहुतेक वेळा डावीकडे धाकटेच असतात.

परवाही होते. विमान अलगद टेकलं, गेटवर आलं, ब्रेक लागला. पट्ट्याची खूण अजून विझायची होती. मागे माणसं चुळबुळत होती, पट्टे चोरून उघडल्याचे आवाज येत होते. धाकट्यांनी स्विचवर हात ठेवला आणि उजवीकडे मान वळवली. चेहऱ्यावर ना टोमणा, ना उपकार. त्यातलं एखादं जरी असतं तरी थोरल्यांना त्या रात्री झोप लागली असती.

"दादा, करू का बंद?"

थोरल्यांनी वर बघितलं. खालच्या माणसाने केबल लावली होती. हिरवा दिवा स्पष्ट, स्वच्छ, केव्हाचा लागला होता. आता कोणीही बघितलं असतं तरी सांगितलं असतं.

पण विचारलं थोरल्यांना होतं. मोठी इंजिनं घरघरत होती, सबंध विमान उभं राहायला टपलं होतं, आणि डाव्या खुर्चीतला चार पट्ट्यांचा माणूस हात तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. थोरल्यांनी चष्मा काढला. रुमालाने एक काच पुसली. मग दुसरी पुसली. चष्मा लावला आणि पुन्हा, अगदी पहिल्यापासून, वर बघायला सुरुवात केली.